घटक ६ : रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमनाचा विचार आणि मराठी वैचारिक गद्य

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• र. धों. कर्वे यांच्या जीवनाचा आणि कार्याचा क्रमवार परिचय करून देता येईल.
• स्त्रीचे आरोग्य, गर्भधारणा आणि संततिनियमन यांचा संबंध त्यांनी कसा लावला, हे स्पष्ट करता येईल.
• 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे मराठी वैचारिक गद्यातील स्थान सांगता येईल.
• निषिद्ध मानलेल्या विषयावर लिहिताना भाषेपुढे कोणत्या अडचणी येतात, याचे विवेचन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण आगरकरांच्या आणि त्यांच्यानंतरच्या सुधारकांच्या निबंधलेखनाचा विचार केला. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रीशिक्षण असे प्रश्न त्यांनी मराठीत मांडले. हे प्रश्न घराच्या उंबरठ्याशी निगडित होते. र. धों. कर्वे यांनी मांडलेला प्रश्न उंबरठ्याच्या आत, माजघराच्याही पलीकडे होता. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, व्हावीत की नाही, हे कोणी ठरवायचे, असा तो प्रश्न होता.

आज तुम्ही नाशिक जिल्ह्यातील पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तर तेथे गर्भनिरोधक गोळ्या, निरोध आणि तांबी यांची माहिती देणारे फलक भिंतीवर दिसतील. आशा कार्यकर्ती घरी येऊन दोन मुलांतील अंतराविषयी बोलते. हे सारे आपल्याला इतके परिचयाचे झाले आहे, की हीच माहिती मराठीत छापल्याबद्दल एका प्राध्यापकाला कधीकाळी नोकरी सोडावी लागली आणि दंड भरावा लागला, यावर सहज विश्वास बसत नाही. म्हणून या घटकात आपण कर्व्यांच्या विचारांबरोबरच त्यांचे जीवनही पाहणार आहोत. त्यांचा विचार त्यांच्या जगण्यापासून वेगळा काढता येत नाही.

६.३ घर आणि बालपण

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. कोकणातील दापोलीजवळचे मुरूड हे कर्वे घराण्याचे गाव. वडील धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी म्हणून देशभर ओळखले गेले, आई राधाबाई. रघुनाथ हे त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव.

१८९१ हे वर्ष ध्यानात ठेवा. त्या वर्षी संमतिवयाचा कायदा संमत झाला आणि विवाहित मुलीशी शरीरसंबंधासाठीची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे करण्यात आली. एवढ्याशा बदलावरूनही पुण्यात सभा, प्रतिसभा आणि अग्रलेख यांचे वादळ उठले होते. त्याच वर्षी धोंडो केशव फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि त्याच वर्षी राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

बाळंतपणात स्त्री दगावणे ही त्या काळी घरोघरची गोष्ट होती. लोक हळहळत, दैवाला बोल लावत आणि वर्षभरात घरात नवी सून येई. आईच्या मृत्यूमुळेच रघुनाथराव पुढे या कार्याकडे वळले, असे सरळ समीकरण मांडणे योग्य होणार नाही. चरित्राचा अभ्यास करताना असा मोह टाळावा. मात्र ज्या विषयावर त्यांनी आयुष्य वेचले, त्याचा परिणाम त्यांनी नवव्या वर्षी स्वतःच्या घरात पाहिला होता, ही वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे.

१८९३ मध्ये धोंडो केशवांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला. आपल्याला योग्य वाटणारी गोष्ट समाजाला रुचत नसेल, तर तिची किंमत मोजावी लागते, हा धडा या मुलाला घरातच मिळाला.

६.४ गणिताचा प्राध्यापक

रघुनाथराव बुद्धीने तल्लख होते. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी वडिलांप्रमाणेच गणिताचे अध्यापन हा व्यवसाय पत्करला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांनी आत्मसात केली. लैंगिक शास्त्र, स्त्री-आरोग्य आणि संततिनियमन या विषयांवर युरोपात चाललेले लेखन त्यांच्या वाचनात होते.

त्या लेखनामागील पार्श्वभूमी थोडक्यात समजून घेऊ. १७९८ मध्ये माल्थस या इंग्रज विचारवंताने लोकसंख्या अन्नोत्पादनापेक्षा वेगाने वाढते, असा सिद्धान्त मांडला. पण उपाय म्हणून त्याने उशिरा विवाह आणि संयम हेच सांगितले. पुढील पिढ्यांतील काही विचारवंतांनी कृत्रिम साधनांचा पुरस्कार केला. १८७७ मध्ये संततिनियमनावरील पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला भरण्यात आला होता. १९१६ मध्ये मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात केंद्र उघडले. पोलिसांनी ते काही दिवसांतच बंद पाडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र मार्च १९२१ मध्ये सुरू झाले.

६.५ संततिनियमन केंद्र आणि नोकरीचा त्याग

त्याच १९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील हे पहिले केंद्र समजले जाते. सरकारचा आधार नाही, संस्थेचे पाठबळ नाही, देणगीदार नाहीत. एक गणिताचा प्राध्यापक आणि त्याला साथ देणारी त्याची पत्नी मालतीबाई, एवढेच त्या केंद्राचे बळ होते.

केंद्राची गरज काय होती, हे समजण्यासाठी त्या काळातील स्त्रीच्या आयुष्याकडे पाहावे लागेल. मुलीचे लग्न बाराव्या-तेराव्या वर्षी होई. शरीराची पुरती वाढ होण्यापूर्वी पहिले बाळंतपण येई. त्यानंतर चाळिशीपर्यंत एकामागून एक गर्भारपण, स्तनपान आणि पुन्हा गर्भारपण असे चक्र चाले. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसले, की आईच्या शरीरातील रक्त आणि लोह यांची झीज भरून निघत नाही. तिला रक्तक्षय होतो, प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव तिला सोसत नाही आणि मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आज जागतिक आरोग्य संघटना एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, असे सुचवते. त्या काळी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दीडशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत, असे सरकारी नोंदींवरून दिसते. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी स्त्रिया सुइणींच्या जीवघेण्या उपायांकडे वळत. विधवा किंवा अविवाहित स्त्रीला दिवस गेले, तर तिच्यापुढे विहिरीखेरीज दुसरा मार्ग क्वचितच उरे.

कर्व्यांचे म्हणणे असे, की गर्भ पाडण्याची वेळ येण्यापेक्षा तो राहू न देणे हे अधिक शहाणपणाचे आहे आणि त्यासाठी लागणारे ज्ञान स्त्रीच्या हाती असले पाहिजे. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनाचा विचार आणि आचार यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. हे दोन विषय त्यांनी जोडीने हाताळले, यातच त्यांची दृष्टी दिसते. त्यांच्या लेखी हा नीतीचा प्रश्न नव्हता. तो आरोग्याचा प्रश्न होता.

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. ही संस्था ख्रिस्ती मिशनची. आपल्या प्राध्यापकाने असे उघड लेखन करावे, हे चालकांना मानवले नाही. नोकरी किंवा प्रचार यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा कर्व्यांनी १९२५ मध्ये राजीनामा दिला. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. हिंदू सनातन्यांनी वडिलांवर बहिष्कार घातला होता. मुलाला ख्रिस्ती संस्थेने दूर केले. पुढे महात्मा गांधींनीही कृत्रिम साधनांना विरोध करून ब्रह्मचर्याचा आग्रह धरला आणि कर्व्यांनी त्या मताचाही जाहीर प्रतिवाद केला. विरोध कोणा एका पंथाचा नव्हता.

कर्वे दांपत्याला मूल नव्हते. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी विचारपूर्वक घेतला होता. जे सांगितले, ते त्यांनी स्वतःपासून आचरणात आणले. नोकरी गेल्यावर आलेल्या ओढग्रस्तीत संसार तोलून धरण्याचे काम मालतीबाईंनी केले. लोकांची कुजबुज आणि टोमणे यांचा मोठा वाटा त्यांच्याच पदरी आला असणार, कारण आपल्या समाजात निपुत्रिकपणाचा दोष आधी स्त्रीच्या माथी मारला जातो. मालतीबाईंचा उल्लेख टाळून कर्व्यांचे चरित्र लिहिणे, हा त्यांच्याच विचारांशी केलेला अन्याय ठरेल.

६.६ 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३)

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. शेवटपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते चालले. लेखक, संपादक आणि व्यवस्थापक या सर्व भूमिका बहुतांशी कर्वे स्वतःच पार पाडत. मासिक कायम तोट्यात असे. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांमुळे ते घरात उघडपणे ठेवणे वाचकांना अवघड जाई. पण शरीर ही लाज वाटावी अशी वस्तू नाही, हे कर्व्यांना सांगायचे होते आणि ते त्यांनी मुखपृष्ठापासूनच सांगितले.

मासिकात संततिनियमन, गुप्तरोग, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, आहार, अंधश्रद्धा, विवेकवाद अशा विषयांवर लेखन येई. 'शारदेची पत्रे' हे सदर विशेष वाचले जाई. पण तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. जो प्रश्न डॉक्टरला विचारता येत नाही, आईला विचारता येत नाही, जोडीदाराशीही बोलता येत नाही, तो प्रश्न लोक पोस्टाने कर्व्यांकडे पाठवत. कर्वे त्याचे उत्तर न हसता, न रागावता, थोडक्यात आणि छापील स्वरूपात देत. तुम्ही स्वतः वर्गाबाहेर राहून, पुस्तिका आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे शिकत आहात. 'समाजस्वास्थ्य'चे हे सदर त्या अर्थाने दूरशिक्षणाचाच एक प्रकार होता. ज्याला शाळेचे दार बंद आहे, त्याच्यापर्यंत ज्ञान टपालाने पोहोचत होते.

६.७ न्यायालयात

या मासिकावर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ मधील. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड झाला.

हा खटला कशासाठी होता, याचा विचार करा. प्रश्न विचारणारा माणूस अडचणीत होता आणि उत्तर देणाऱ्याला त्या विषयाची माहिती होती. प्रश्न विचारणे गैर नसेल, तर खरे उत्तर देणे गैर कसे ठरते? ज्ञान आणि अश्लीलता यांतील सीमारेषा कोणी आखायची, हा वाद त्या न्यायालयात हरला गेला. पण संपला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यामागे आंबेडकरांचीच प्रेरणा आणि तयारी होती. तो ठरावही फेटाळला गेला.

६.८ कर्व्यांची भाषा

आता आपण मराठीच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू.

शरीर आणि प्रजनन यांविषयी बोलण्यासाठी मराठीत शब्द नव्हते, असे नाही. शब्द पुष्कळ होते. पण ते तीन कप्प्यांत वाटले गेले होते. पहिला कप्पा वैद्यकग्रंथांतील संस्कृत शब्दांचा. ते सामान्य स्त्रीला कळत नसत. दुसरा कप्पा बोलीतील शब्दांचा. ते सर्वांना कळत. पण शिवी म्हणूनच वापरले जात. तिसरा कप्पा आडवळणाच्या शब्दप्रयोगांचा : न्हाण येणे, कावळा शिवणे, बाहेरची असणे, दिवस जाणे, कूस उजवणे, पोट पाडणे, मोकळी होणे. या वाक्प्रचारांत मोठे मार्दव आहे. मात्र त्यांतून माहिती देता येत नाही. गर्भ कसा राहतो, हे दिवस जाण्याच्या भाषेत समजावून सांगता येत नाही.

या वाक्प्रचारांची वाक्यरचनाही पाहा. तिला न्हाण आले, तिला दिवस गेले, तिला पाच मुले झाली. या प्रत्येक वाक्यात स्त्री चतुर्थी विभक्तीत आहे. क्रियेचा कर्ता न्हाण आहे, दिवस आहेत, मुले आहेत. स्त्री ही ज्याच्या बाबतीत काही घडते, असे केवळ एक ठिकाण आहे. आता संततिनियमन हा शब्द घ्या. नियमन या नामात नियमन करणारा कोणीतरी गृहीत असतो. तिने गर्भधारणा टाळली, तिने दोन वर्षे थांबण्याचे ठरवले, अशी वाक्ये बोलायची, तर स्त्रीला तृतीया विभक्तीत, कर्त्याच्या जागी आणावे लागते. व्याकरणातील हा बदल लहान दिसतो. पण कर्व्यांचा सगळा वाद याच बदलासाठी होता.

कर्व्यांनी वरील तिन्ही कप्प्यांच्या बाहेर येऊन चौथा मार्ग निवडला. आवश्यक तेथे संस्कृत संज्ञा घ्यायची, तिचा अर्थ साध्या मराठीत स्पष्ट करायचा आणि मग ती निःसंकोचपणे वापरत राहायचे. त्यांची शैली अलंकारविरहित आहे. गृहीतक, पुरावा आणि निष्कर्ष असा गणितातील सिद्धतेसारखा क्रम तिच्यात दिसतो. भावनेला आवाहन जवळजवळ नाही. उपरोध मात्र धारदार आहे आणि तो बहुधा प्रतिपक्षाच्या विसंगतीवर रोखलेला असतो. आगरकरांच्या निबंधात जो आवेग आहे, तो येथे सापडणार नाही. काही वाचकांना हे गद्य कोरडे वाटते. परंतु ज्या विषयावर प्रत्येक जण एकतर लाजून किंवा संतापून बोलत होता, त्या विषयासाठी कोरडे गद्य हीच मराठीची गरज होती.

६.९ मर्यादा, अखेर आणि वारसा

कर्व्यांचे लेखन चिकित्सक दृष्टीने वाचा. धर्म आणि रूढी यांवर टीका करताना त्यांची लेखणी कठोर होई आणि त्यामुळे सहानुभूती असलेले वाचकही दुरावत. लोकसंख्येविषयीच्या तत्कालीन युरोपीय विचारांची छायाही या काळातील संततिनियमनाच्या लेखनावर पडलेली आहे. दारिद्र्याचे कारण केवळ जन्मांच्या संख्येत शोधता येत नाही, हे आज आपण जाणतो. मात्र कर्व्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी व्यक्तीची इच्छा होती, हे विसरू नये. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सक्तीने नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. साधन तेच, पण निर्णय घेणारा बदलला. कर्व्यांना अभिप्रेत असलेल्या नियमनाची ती थेट विरुद्ध दिशा होती.

अखेरच्या वर्षांत काळ हळूहळू त्यांच्या बाजूने वळला. त्यांचाच वारसा मानणाऱ्या शकुंतला परांजपे यांनी पुण्यात हे कार्य पुढे नेले होते. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि त्याच वर्षी या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली. जे काम एका माणसाने एकतीस वर्षांपूर्वी त्याच शहरात स्वतःच्या खिशातून सुरू केले होते, ते आता राष्ट्राचे धोरण बनले. मालतीबाई हे पाहण्यासाठी हयात नव्हत्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले आणि 'समाजस्वास्थ्य'ही थांबले.

वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. पाच वर्षांनी त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि १९६२ मध्ये वयाच्या एकशे पाचाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. विधवेला शिक्षण आणि पुनर्विवाह मिळावा, हे वडिलांचे म्हणणे समाजाने त्यांच्या हयातीत मान्य केले. स्त्रीला स्वतःच्या गर्भाशयावर अधिकार असावा, हे मुलाचे म्हणणे मान्य होण्यास अधिक काळ लागला. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा हा त्या वाटेवरचा एक टप्पा. आजही अनेक घरांत हा निर्णय स्त्रीला न विचारताच होतो. साधने आरोग्य केंद्रात उपलब्ध आहेत; वाक्यातील कर्ता मात्र अजून सर्वत्र बदललेला नाही.

६.१० सारांश

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, त्यासाठी प्राध्यापकपद सोडले आणि १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' चालवले. अनिर्बंध गर्भधारणेमुळे होणारी माता आणि बालक यांची हानी टाळता येते आणि ती टाळण्याचे ज्ञान स्त्रीला मिळाले पाहिजे, हा त्यांचा मुख्य विचार. निषिद्ध विषयावर स्पष्ट, तर्कशुद्ध आणि संकोचरहित लेखन करून त्यांनी मराठी वैचारिक गद्याच्या कक्षा रुंदावल्या.

६.११ शब्दार्थ

संततिनियमन : मुले केव्हा व किती व्हावीत, हे साधनांच्या आधारे ठरवणे.
रक्तक्षय : रक्तातील लोहयुक्त घटकाचे प्रमाण कमी होणे.
तांबी : गर्भाशयात बसवण्याचे तांबेयुक्त गर्भनिरोधक साधन.
विवेकवाद : बुद्धी व पुरावा यांना प्रमाण मानणारी विचारसरणी.

६.१२ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. संततिनियमन हा नीतीचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे, ही कर्व्यांची भूमिका सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'समाजस्वास्थ्य'मधील प्रश्नोत्तरांच्या सदराचे महत्त्व सांगा.
३. आगरकर आणि कर्वे यांच्या गद्यशैलीची तुलना करा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील ज्येष्ठ स्त्रियांच्या बोलण्यातील गर्भारपण आणि बाळंतपण यांविषयीचे दहा वाक्प्रचार त्यांच्या संमतीने नोंदवा. प्रत्येक वाक्यात स्त्री कोणत्या विभक्तीत येते, ते तपासा आणि आपले निरीक्षण दहा ओळींत लिहा.